शेजाऱ्याच्या आत्म्याची काळजी
(संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणानिमित्त)



३ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करते. आपल्यापैकी कित्येकांनी जुन्या गोव्याला जाऊन बॉम जेझू बासिलिकेत गुडघे टेकले आहेत. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हा तर दूरदूरच्या गावांतून भाविक तेथे गेले. संत झेवियर घाट चढून आपल्या मुलखात कधी आले नाहीत. तरीही त्यांच्या चरित्रात एक प्रश्न असा आहे, की तो भोर आणि वेल्ह्याच्या आपल्या घरांतही रोज उभा राहतो.

प्रश्न साधा आहे. दुसऱ्याच्या घरात काय चालते, कोण कोणाबरोबर राहतो, कोण संध्याकाळी कोठे बसतो, कोणाची मुले मिस्साला येत नाहीत, याची उठाठेव आपण का करावी? आपले हिंदू शेजारी कधी कधी हे मोकळेपणाने विचारतात. आपली तरुण मुलेही विचारतात, आणि त्यांच्या स्वरात थोडा रागही असतो. आपली घरे थोडी आणि वाड्यावस्त्यांवर विखुरलेली असल्यामुळे कोणाची मोटारसायकल कोणाच्या दारात उभी होती हे रविवारपर्यंत सर्वांना कळलेले असते. याला कोणी काळजी म्हणतात, कोणी चोंबडेपणा म्हणतात. आम्हाला वाटते, दोन्हींची मुळे एकाच जागी आहेत. एकाच संताच्या आयुष्यात ती दोन्ही दिसतात, म्हणून या वर्षी त्यांचे चरित्र या अंगाने पाहू या.

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवारा राज्यातील झेवियर गढीत झाला. हे राज्य आज स्पेनमध्ये आहे. वडील कायद्याचे पंडित आणि राजाचे मोठे अधिकारी होते. १५१२ साली कॅस्टिलच्या सैन्याने नवारा जिंकले. १५१५ साली वडील वारले आणि पुढच्याच वर्षी गढीचे बुरूज सरकारी हुकमाने पाडले गेले. घरातला हा धाकटा मुलगा १५२५ साली शिकण्यासाठी पॅरिसला गेला. तेथे तो तत्त्वज्ञानात पदवीधर झाला आणि स्वतः ॲरिस्टॉटल शिकवू लागला. त्याला नाव हवे होते, मानाची जागा हवी होती. गावाकडच्या पांपलोना शहरातील मोठ्या चर्चमध्ये वतनाची जागा मिळावी म्हणून त्याची खटपटही चालू होती.

१५२९ साली त्याच्या खोलीत एक वयाने मोठा विद्यार्थी राहायला आला. पूर्वी सैनिक असलेला, पायाने लंगडणारा हा मनुष्य म्हणजे इग्नेशियस लोयोला. खोलीतला दुसरा सोबती पीटर फाबर लवकरच इग्नेशियसचा मित्र झाला. झेवियर मात्र त्याची थट्टा करीत असे. इग्नेशियसच्या मनात या तरुणाच्या आत्म्याची तळमळ होती, पण त्याने त्याला प्रवचन झोडले नाही. नव्या शिक्षकाच्या वर्गाला विद्यार्थी मिळत नव्हते, ते त्याने मिळवून दिले. पैशाची चणचण होती, तेव्हा मदत केली. वाईट संगतीपासून त्याला हळूच बाजूला नेले. याला काही वर्षे लागली. अखेर १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी देवापुढे व्रत घेतले आणि त्यांत झेवियर होते.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. संत झेवियर पुढे दुसऱ्यांच्या आयुष्यात शिरले, कारण आधी कोणीतरी त्यांच्या आयुष्यात शिरले होते. हा तुझा खासगी मामला आहे असे म्हणून इग्नेशियस आपल्या पुस्तकात डोके घालून बसले असते, तर आज हा सण नसता.

२४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे झेवियर यांना गुरुदीक्षा मिळाली. ७ एप्रिल १५४१ या आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. पोप महोदयांचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्याजवळ अधिकारपत्रे होती. ती त्यांनी गोव्याच्या महागुरूंच्या हाती ठेवली आणि त्यांच्या संमतीशिवाय ती वापरायची नाहीत असे ठरवले. राहायला त्यांनी इस्पितळ निवडले आणि जो रोगी सर्वांत अत्यवस्थ असेल त्याच्या खाटेशेजारी ते जमिनीवर झोपत. रविवारी शहराबाहेर कुष्ठरोग्यांकडे जात. रोज हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत.

त्या वेळचे गोवा म्हणजे पैशाचे आणि सैन्याचे शहर. कुटुंब पोर्तुगालमध्ये सोडून आलेले किंवा लग्नच न केलेले शिपाई आणि व्यापारी येथील बायकांना घरात ठेवीत. त्यांपैकी पुष्कळ बायका विकत घेतलेल्या गुलाम होत्या. मुले होत, पण त्या बाईला आणि त्या मुलांना कसलाच आधार नसे. मालकाचे मन फिरले की त्या रस्त्यावर. सगळ्यांना हे माहीत होते आणि सगळे त्याला ज्याचा त्याचा खासगी प्रश्न म्हणत होते.

अशा माणसाकडे संत झेवियर स्वतःहून जेवायला जात. जेवण झाले की विचारीत, इतके चांगले कोणी रांधले? त्या बाईला बाहेर बोलवायला सांगत, तिच्याशी आदराने बोलत, मुलांना मांडीवर घेत, त्यांची नावे विचारीत. पुन्हा काही दिवसांनी जात. घरधन्याचा विश्वास बसला, की मग एखाद्या दिवशी म्हणत, ही बाई चांगली आहे, मुले तुझीच आहेत, मग विवाह संस्कार का करीत नाहीस? पुष्कळांनी तो केला. जेथे लग्न होणे शक्य नव्हते, तेथे त्या बाईची सोय लावून मगच वेगळे व्हावे असा त्यांचा प्रयत्न असे.

पत्ते आणि फासे खेळणाऱ्या शिपायांची आठवणही चरित्रकारांनी नोंदवली आहे. फादर येताना दिसले की ते घाईघाईने खेळ लपवीत. संत झेवियर म्हणत, चालू द्या, तुम्ही काही मठातले संन्यासी नाही. आणि तेथेच बसून खेळ पाहत. त्यांच्यासमोर शिव्या आणि भांडणे आपोआप कमी होत. १५४९ साली त्यांनी आपले सहकारी फादर गास्पार बार्झेउस यांना होर्मुझला पाठवले, तेव्हा त्यांना लेखी सूचना दिल्या. त्यांचा गाभा असा, की आधी स्वतःच्या आत्म्याकडे पाहावे, व्यासपीठावरून कोणाही व्यक्तीला उद्देशून बोलू नये, जे सांगायचे ते एकांतात आणि हसतमुखाने सांगावे. व्यापारात कोण कोणाला कसे लुबाडतो तेही नीट समजून घ्यावे, असे त्यांनी बजावले होते. म्हणजे शयनगृहातले पाप तेवढे पाप आणि तराजूतले पाप म्हणजे धंदा, असा भेद त्यांनी केला नाही.

येथवरचे संत झेवियर आपल्या सर्वांना आवडतात. पण चरित्र येथे संपत नाही, आणि संतांचे चरित्र अर्धेच सांगणे हे त्यांच्यावर प्रेम करणे नव्हे.

१५४२ च्या अखेरीस ते दक्षिणेला तामिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या परवर लोकांत गेले. हे लोक काही वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झाले होते. त्यांनी तामिळमध्ये प्रार्थना पाठ करून मुलांना शिकवल्या. लुटारूंच्या भीतीने लोक समुद्रातल्या खडकांवर पळाले, तेव्हा त्यांच्यासाठी अन्न घेऊन जाण्याची धडपड केली. पोर्तुगीज अधिकारी त्या लोकांना छळत, त्यांच्याविरुद्ध ते बोलले. पण याच किनाऱ्यावर त्यांनी दारूवर बंदीही आणली. जी बाई माडाची दारू पिताना सापडेल तिला दंड आणि तीन दिवसांची कैद, असा हुकूम १५४४ साली त्यांच्या सांगण्यावरून पुकारला गेला. गोव्यात ते ज्या हाताने दुसऱ्याच्या घरचा घास घेत होते, त्या हातात येथे छडी आली. दारूने घरे मोडतात हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्याही गावांत ते खोटे नाही. पण छडी एकदा हाती आली, की ती हळूहळू मोठी होते.

१६ मे १५४६ रोजी मोलुक्का बेटांकडील अंबोन येथून त्यांनी पोर्तुगालचे राजे जुआंव तिसरे यांना पत्र लिहिले. या देशात उपदेशक पाठवावेत ही त्यांची एक विनंती होती. दुसरी विनंती होती इन्क्विझिशनची, म्हणजे लोकांच्या श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाची. त्यांचा रोख येथील हिंदूंवर नव्हता. बाप्तिस्मा घेऊनही घरात यहुदी किंवा मुसलमानी रीतीने जगणारे जे लोक पोर्तुगीज वसाहतींत होते, त्यांच्यावर होता. हे न्यायालय गोव्यात आले १५६० साली, संत झेवियर यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. पुढे त्याने जे केले ते त्यांनी पाहिले नाही. पण मागणी त्यांची होती, हे त्यांच्याच पत्रात आहे आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

त्या न्यायालयाचे काम कसे चालले हे आपल्याला ठाऊक आहे. मराठीचे नामवंत अभ्यासक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. शेजाऱ्याविषयी जे माहीत असेल ते येऊन सांगणे हे भाविकाचे कर्तव्य ठरले. १७३६ साली निघालेल्या एका हुकुमात गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना लग्नात विड्याची पाने पाठवण्यास आणि कोकणी गाणी म्हणण्यास बंदी झाली. परसात तुळस नको, पुरुषांनी धोतरासारखे पुडवे नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, आणि हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, असेही त्यात होते.

आपण भात पिकवणाऱ्या मुलखातले लोक आहोत. आपल्याकडे अनेक घरांत भात अळणीच शिजतो. शेजारणीच्या पातेल्यातल्या भातात मीठ आहे की नाही याची बातमी न्यायालयात जाते, अशी कल्पना करून पाहा. तेथे आत्म्याची काळजी कोठे उरली? उरली ती फक्त भीती. मधली चार वर्षे सोडता हे न्यायालय १८१२ सालापर्यंत चालू राहिले.

मग इतका प्रेमळ संत अशी मागणी का करतो? याचे उत्तर त्यांच्या दुष्टपणात नाही. ते त्यांच्या तळमळीतच आहे. संत झेवियर यांचा ठाम विश्वास होता, की बाप्तिस्म्यावाचून किंवा पापात मरणारा माणूस कायमचा नाश पावतो. पुराची सूचना न देणारा पहारेकरी जसा बुडालेल्यांना जबाबदार असतो, तसे आपणही देवापुढे जबाबदार आहोत, असे त्यांना वाटे. एका देहाचे आपण अवयव आहोत, ही पौलाची शिकवण त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. एक अवयव सडला तर दुसऱ्याला ते खासगी कसे वाटेल? असा विश्वास असलेला माणूस स्वस्थ बसू शकत नाही. आणि वेळ थोडा आहे असे वाटले, की तो जेवणाच्या पाटावरून उठून राजाला पत्र लिहितो.

जपानमध्ये या विश्वासाची कसोटी लागली. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते कागोशिमाला उतरले. १५५० साली यामागुचीचे सरदार ओउची योशिताका यांच्यासमोर त्यांनी तेथील लोकांच्या खासगी पापांची यादीच वाचून दाखवली. सरदारांनी त्यांना निरोप दिला आणि विषय संपला. पुढच्या वर्षी संत झेवियर पुन्हा तेथे गेले, पण या वेळी चांगला पोशाख करून, घड्याळासारख्या भेटी घेऊन आणि आदराने. त्याच सरदारांनी त्यांना उपदेशाची मोकळीक दिली, राहायला एक रिकामा मठ दिला. तेथे जे ख्रिस्ती झाले त्यांनी त्यांना रडत रडत विचारले, की आमच्या मेलेल्या आईबापांचे काय? त्या काळच्या शिकवणीप्रमाणे ते जे उत्तर देऊ शकत होते, त्यात आशा नव्हती. आपल्या माणसांना असे रडताना पाहून आपल्यालाही दुःख झाले, हे त्यांनी जानेवारी १५५२ च्या पत्रात कबूल केले आहे. त्याच वर्षी ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळील सांच्वान बेटावर, एका झोपडीत, अंतोनियो नावाच्या एका चिनी ख्रिस्ती सोबत्याच्या साक्षीने त्यांनी प्राण सोडला. त्यांचे वय ४६ होते.

त्या रडणाऱ्या लोकांच्या प्रश्नाला ख्रिस्तसभेने पुढे अधिक पूर्ण उत्तर दिले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली शिकवले, की ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ७ डिसेंबर १९६५ रोजी महासभेने जाहीर केले, की धर्माच्या बाबतीत कोणाही माणसावर त्याच्या विवेकाविरुद्ध बळजबरी होता कामा नये. म्हणजे शेजाऱ्याच्या आत्म्याची जबाबदारी रद्द झाली नाही, पण तिच्या हातातली छडी काढून घेतली गेली.

खरे तर ही समज पूर्वीही होती. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिले आहे, की चुकणाऱ्या भावाला समजावणे हे प्रेमाचे कृत्य आहे, पण त्याने तो अधिक बिघडणार असेल तर थांबावे. राज्याच्या कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये, ज्यांनी दुसऱ्यांना इजा होते अशा मोठ्या अपराधांकडे प्रामुख्याने पाहावे, असेही ते म्हणतात. पाखंडी लोकांच्या शिक्षेला त्यांनीही संमती दिली होती, हे खरे. मोठी माणसेसुद्धा आपलेच तत्त्व सगळीकडे लावू शकत नाहीत.

१२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस झेवियर आणि इग्नेशियस यांना एकाच दिवशी संतपद मिळाले. बरोबर ३७८ वर्षांनी, १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये साऱ्या जगासमोर देवाची क्षमा मागितली. सत्याची सेवा करताना ख्रिस्तसभेच्या लेकरांनी असहिष्णू मार्ग वापरले, त्याचीही ती क्षमायाचना होती. तारखांचा हा योगायोग असेल, पण आम्हाला तो विचार करायला लावतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. पापी जनांना बोध करणे हे आत्मिक दयेच्या सात कृत्यांपैकी एक आहे, हे आपण धर्मशिक्षणात शिकलो. ते सोडून देता येणार नाही. मग ते करायचे कसे?

प्रथम पाहावे, की या गोष्टीत कोणी दुबळा भरडला जात आहे काय? नवरा दारू पिऊन बायकोला मारतो, कोवळ्या मुलीचे लग्न ठरवले जाते, पोटातल्या मुलीचा जीव घेतला जातो, सुनेकडे पैसे मागितले जातात, तेव्हा हा त्यांच्या घरातला मामला आहे असे म्हणणे हे पाप आहे. गोव्यातल्या त्या स्वयंपाकघरातली बाई आणि तिची मुले संत झेवियर यांना दिसली, बाकीच्यांना दिसली नाहीत. अशा ठिकाणी बोलावे, आणि जरूर पडेल तर कायद्याची मदत घ्यावी. तो कायदा त्या दुबळ्याच्या रक्षणासाठी आहे.

जेथे असा कोणी भरडला जात नाही, जेथे प्रश्न त्या माणसाचा आणि देवाचा आहे, तेथे छडी नाही. तेथे आहे तो पाट आणि ताट. एखादे जोडपे विवाह संस्काराविना राहते. एखादा तरुण पुण्याला नोकरीला गेला आणि मिस्सा सुटली. त्यांचे चर्चला येणे का थांबते? कोणी तोंडावर काही बोलले म्हणून क्वचितच. पाठीमागे बोलले म्हणून बहुधा. आपण त्यांच्याविषयी दहा जणांशी बोललेलो असतो, त्यांच्याशी एकदाही बोललेलो नसतो. काही जण आमच्याकडे येऊन सांगतात, की फादर, वेदीवरून एकदा नाव घेऊन बोला. संत झेवियर यांनी फादर बार्झेउस यांना दिलेली सूचना आमच्या समोर आहे. आम्ही ते करणार नाही.

आणि जेथे जाणेही शक्य नसते, तेथे प्रार्थना असते. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी संत झेवियर यांच्याबरोबर मिशनकार्याचे आश्रयदाते म्हणून ज्यांना नेमले, त्या संत तेरेजा लहान वयात कॉन्व्हेंटमध्ये गेल्या आणि तेथेच वारल्या. त्या कोणाच्या घरी गेल्या नाहीत, कोणाची चौकशी केली नाही. तरी मिशनच्या दृष्टीने ख्रिस्तसभेने दोघांना एकाच पंक्तीत बसवले.

तेव्हा या सणाच्या आठवड्यात एक करू या. ज्या घराविषयी आपण बोलतो पण ज्या घरी आपण जात नाही, असे एक घर प्रत्येकाने मनात आणावे. तेथे जावे. चहा दिला तर चहा घ्यावा, जेवायला बसवले तर जेवावे. मुलांची नावे विचारावीत. पहिल्याच भेटीत काही सांगायची घाई करू नये. दुसऱ्या भेटीतही नाही. कदाचित त्या घरातून आपल्यालाच काही शिकायला मिळेल. भातात मीठ आहे की नाही हे कळलेच, तर ते आपल्यापाशीच ठेवावे.

संत फ्रान्सिस झेवियर आपल्यासाठी विनंती करोत आणि त्यांच्या तळमळीबरोबर प्रभू आपल्याला धीरही देवो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू